त्यांची आवडती

लेखी तक्रार झाली नाही, म्हणूनच हे लिहिता येतंय. झाली असती तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे त्यातला एक शब्दही बाहेर काढता आला नसता. तरीही माणसं ओळखू येतील असं सगळं मी बदललंय. कंपनी चाकणची, एवढं पुरे. चाकणला कंपन्यांना तोटा नाही.

मी जपानी दुभाषी आहे. आमच्या कामाचा एक नियम असा की समोरचा बोलेल ते प्रथमपुरुषात सांगायचं. ‘ते म्हणतायत की त्यांनी ड्रॉइंग चुकीचं वाचलं’ असं नाही. ‘मी ड्रॉइंग चुकीचं वाचलं’ असं. इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत क्रियापद लिंग सांगून टाकतं, त्यामुळे साडी नेसून मी दिवसभर ‘मी आलो, मी बघतो, मी विसरलो’ म्हणत असते. शॉपवरच्या पोरांना पहिले दोन दिवस हसू येतं, मग सवय होते. त्या सोमवारी मात्र या ‘मी’ने माझी चांगलीच पंचाईत केली.

जुलै महिना, बाहेर पाऊस, नऊची क्वालिटी मीटिंग. कस्टमरकडून ब्रॅकेटचा एक लॉट परत आला होता, वेल्डमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेली भोकं, सापडले म्हणून. क-सान (सान म्हणजे आपलं ‘जी’; क हे अक्षरही त्यांच्या नावातलं नाही) नागोयाहून दोन वर्षांसाठी आलेले, वेल्डिंगमधला दादा माणूस. नुसत्या आवाजावरून ते सांगतात की वायर नीट सुटत नाहीये. त्यांनी लॅपटॉपला प्रोजेक्टरची केबल लावली. प्रेझेंटेशन उघडायला चार-पाच सेकंद लागले आणि तेवढ्यात भिंतीवर सहा फुटी पोरगी अवतरली. निळे केस, हातात तलवार, अंगात पोहण्याचा पोशाख, तोही कापड वाचवून शिवलेला. चित्रकाराने मेहनत कुठे घेतलीये ते मागच्या खुर्चीवरूनही दिसत होतं.

कुणीतरी खोकलं. मग ग्राफ आला आणि आम्ही तासभर ब्लोहोलवर बोललो, शील्डिंग गॅसच्या फ्लोपासून प्लेटवर राहिलेल्या तेलापर्यंत. चार-पाच सेकंदांचा विषय कुणी काढला नाही.

तीन वाजता एचआरमधून फोन आला. केबिनमध्ये एचआरच्या मॅडम, प्लँट हेड साहेब आणि क-सान. क्वालिटीतल्या एका मुलीने मॅडमना जाऊन तोंडी सांगितलं होतं. ‘लेखी नकोय, पण कुणीतरी त्यांच्याशी बोला.’

मॅडमनी मोबाइलवर कुणीतरी मीटिंगमध्ये काढलेला फोटो समोर धरला. (तो काढणाऱ्याला कुणी बोलावलं नव्हतं, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं.) “विचारा त्यांना, ही कोण?”

“ओशी देस,” क-सान म्हणाले.

ओशी म्हणजे आपण ज्याला पुढे ढकलतो, ज्याच्या पाठीशी उभं राहतो तो. गाण्या-नाचाच्या आयडॉल गटांच्या चाहत्यांकडून आलेला शब्द, आता कार्टूनमधल्या पात्रांनाही सर्रास लावतात. मी विचार न करता म्हणून गेले, “ही माझी आवडती आहे.”

साहेबांच्या मिशीला हसू फुटलं. मराठीत आवडती कुणाची असते? राजाची. आणि ती असली की कुठेतरी नावडतीही असते. मी घाईघाईने म्हटलं, “दुभाषीची दुरुस्ती. लाडकं पात्र. चाहता असतो ना, तसं.” पण गेलेला शब्द गेला. तोवर साहेबांनी विचारूनही टाकलं, “लग्न झालंय का यांचं?” मला तेही जपानीत सांगावं लागलं. झालंय, मुलगी कॉलेजात आहे.

आतापर्यंत बसलेले क-सान उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, “मी ओताकु आहे. त्यामुळे आपल्याला त्रास झाला. अक्षम्य चूक झाली.” चेहरा असा उतरला होता की लॉट परत आला तेव्हाही इतका उतरला नव्हता.

“ओताकु म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

चौदा वर्षांच्या नोकरीत या शब्दावर मी पहिल्यांदा अडले. मुळात हा आदरार्थी शब्द. ओ-ताकु म्हणजे ‘आपलं घर’. आपण नाही का समोरच्या व्यापाऱ्याला विचारत, ‘आपल्याकडे माल आहे का?’ अगदी तसं ‘तुम्ही’ न म्हणता म्हटलेलं ‘तुम्ही’. मांगा-ॲनिमेवेडी (म्हणजे जपानी कॉमिक्स आणि कार्टूनफिल्मचं वेड असलेली) पोरं एकमेकांशीसुद्धा अशीच अवघडून, अति सभ्य बोलत, म्हणून १९८३ साली नाकामोरी आकियो नावाच्या लेखकाने एका मासिकात त्यांची टर उडवली आणि त्यांनाच ते नाव चिकटवलं. हे सगळं मला ठाऊक होतं, पण केबिनमध्ये मला एकच मराठी शब्द हवा होता. छंदिष्ट? फार सोवळा. वेडा? आंबटशौकीन? खरं सांगते, हाच जिभेच्या टोकावर होता.

कारण माझंही मत काही निर्मळ नव्हतं. आम्ही पुण्यात जपानी शिकायचो तेव्हा वर्गात दोन जाती होत्या. आम्ही नोकरीसाठी शिकणारे, व्याकरण घोकून परीक्षांच्या पातळ्या चढणारे. आणि ते ‘कार्टूनवाले’. त्यांचे उच्चार आमच्यापेक्षा चांगले असत याचा राग होता आणि ते सरांसमोर स्वतःला ‘ओरे’ म्हणत याचा आनंद. ओरे म्हणजे गल्लीतल्या दादाचा ‘मी’. पडद्यावरून भाषा उचलली की असं होतं, असं म्हणून आम्ही चहा प्यायचो. पुढे त्यातल्या दोघांनी मला मागे टाकलं, तो भाग मी सहसा सांगत नाही.

शेवटी म्हटलं, “नाद असलेला माणूस. मला याचा नाद आहे.”

हा शब्द लागू पडला. साहेब खेडचे. त्यांच्या केबिनमध्ये बैलजोडीचा गुलाल उधळलेला फोटो आहे आणि २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यतींचा कायदा उचलून धरला तेव्हा त्यांनी अख्ख्या प्लँटला पेढे वाटले होते. ते खुर्चीत सरळ झाले. “नाद आम्हालाही आहे,” म्हणाले, “पण बैलाच्या फोटोने कुणाला मान खाली घालावी लागत नाही.”

मी ते जसंच्या तसं सांगितलं. क-सान बसले आणि बोलायला लागले. थांबून, तुकड्यातुकड्याने, दुभाषीला वेळ देत. याही अवस्थेत ती सवय सुटली नाही.

१९८९ च्या उन्हाळ्यात ते चौदा वर्षांचे होते. तोक्योच्या परिसरात चार लहान मुलींचे खून करणारा मियाझाकी त्सुतोमु पकडला गेला. त्याच्या खोलीत पाच हजारांवर व्हिडिओ कॅसेट निघाल्या आणि भिंतीला लागून रचलेल्या त्या ढिगाचं दृश्य टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘ओताकु’ म्हटलं. तोवर हा शब्द आपसातला होता, त्या उन्हाळ्यात तो घराघरांत गेला. “आई काही बोलली नाही,” मी म्हणत होते, ‘मी’ म्हणून, “रद्दीच्या दिवशी तिने माझी मासिकं सुतळीने बांधून दाराबाहेर ठेवली. मी शाळेतून आलो तेव्हा गठ्ठा गेलेला होता. तेव्हापासून मी काय बघतो हे ऑफिसात कुणाला कळू दिलं नाही. काल रात्री गेममध्ये तिचा उन्हाळी पोशाख आला, तो लावला आणि सकाळी बदलायचा विसरलो.”

हे उन्हाळी पोशाख म्हणजे धंदा आहे. मोबाइल गेममधल्या एरवी चिलखत घालून लढणाऱ्या बाया जुलै-ऑगस्टमध्ये स्विमसूटमध्ये येतात. त्या सरळ विकत मिळत नाहीत, सोडत काढावी लागते, आणि दर सोडतीला पैसे. क-साननी किती घालवले ते मी विचारलं नाही. दुभाषी स्वतःचे प्रश्न विचारत नाही.

मॅडमना त्यांची कीव आली असावी. समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “ठीक आहे, त्यांना सांगा, आम्ही समजू शकतो. त्यांच्याकडे हे चालतं, आपल्याकडे नाही चालत.”

क-साननी मान हलवली. “आमच्याकडेही नाही चालत.” आणि त्यांनी २०१९ ची गोष्ट सांगितली. रेड क्रॉसने रक्तदानाच्या पोस्टरवर एका विनोदी मांगातली भरल्या अंगाची मुलगी घेतली होती, आणि ती अजून रक्त न दिलेल्याला चिडवत होती. रक्त दिलं की तिचं चित्र असलेली फाइल मिळायची. छाती पुढे काढून आवाहन करायची सार्वजनिक संस्थेला काय गरज, असं म्हणणारे एका बाजूला. आम्ही रक्त देतोय आणि वर शिव्याही खातोय, असं म्हणणारे दुसऱ्या. “मी त्या फाइलसाठी रक्त दिलं,” क-सान म्हणाले. (मी म्हणाले.) “पुढच्या वर्षी त्यांनी तीच मुलगी परत घेतली. या वेळी मांगाच्या चौकटींमध्ये, साधी. फारसं कुणी काही बोललं नाही.”

आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये निक्केईसारख्या गंभीर आर्थिक दैनिकात पानभर जाहिरात आली, एका मांगाची, शाळेच्या गणवेशातल्या मुलीची. त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने निषेध नोंदवला. “बायकोने ते पान बघितलं आणि घडी घालून टेबलावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.”

मध्येच ‘सेकुहारा’ हा शब्द आला. सेक्शुअल हॅरॅसमेंटचं जपानी रूप. योगायोग असा की तो विषय जपानभर तोंडी झाला तोही १९८९ मध्येच. त्या वर्षीच्या गाजलेल्या नव्या शब्दांचा पुरस्कार त्यालाच मिळाला होता. हे केबिनमध्ये सांगायला मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून इथे सांगते. चौदाव्या वर्षी हा माणूस दोन शब्द एकदमच शिकला असणार.

मग मॅडमनी क्वालिटीतल्या त्या मुलीला आत बोलावलं. पंचविशीची मुलगी, डिप्लोमा करून लागलेली. ती बसली नाही, उभीच राहिली.

“मी ॲनिमे बघते,” तिने सुरुवातच अशी केली. “सरांच्या बॅगेवर हीच आहे ना, छोटी, मोठ्या डोक्याची? ती मला आवडते. मी एकदा सरांना खुणेने विचारलं पण होतं, कुठे मिळेल म्हणून.”

बॅगेला लावलेलं ते ॲक्रिलिकचं कीचेन आम्ही सगळ्यांनी वर्षभर बघितलं होतं. गोल गाल, तलवारीएवढं डोकं. तेच पात्र. मला कळलं नव्हतं, तिला पहिल्या सेकंदाला कळलं होतं.

“चित्र भिंतीवर आलं,” ती म्हणाली, “तेव्हा सगळ्यांनी आधी भिंतीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी काय करते ते बघायला. मला त्या वेळात चेहरा कसा ठेवायचा तेच कळेना. हसले तर हसली म्हणतील, नाही हसले तर... तेवढंच सांगायचं होतं.”

मी हे जपानीत सांगायला लागले. जपानी क्रियापदाला लिंग नसतं. दिवसभर पुरुषाचा ‘मी’ वाहून थकलेल्या माझ्या तोंडून तिचं वाक्य सरळ, कुठेही न अडखळता बाहेर पडलं, आणि ‘सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं’ इथे माझा आवाज बसला. सकाळी मीटिंगच्या खोलीत बायका दोनच होत्या, ती आणि मी. माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं, दुभाषीकडे कुणी बघत नाही, ती खुर्चीसारखी असते. पण खुर्चीला डोळे असतात. भिंतीवरून नजर काढून मीही तिच्याचकडे बघितलं होतं.

क-सान तिच्यासमोर वाकले. या वेळी पाठ केलेलं वाक्य नव्हतं. “तुमच्याकडे बघतायत हे मी बघितलं नाही. मी लॅपटॉपकडे बघत होतो.” ती “ओके सर” म्हणाली आणि लाइनवर गेली.

त्यानंतर काय व्हायचं ते झालं. मॅडमना सगळीच कार्टूनं बंद करायची होती, टेबलावरची, बॅगेवरची, मगवरची. साहेबांना आपल्या बैलांची काळजी वाटली असावी, त्यांनी ते होऊ दिलं नाही. शेवटी मेल आला, सर्व लॅपटॉपवर कंपनीचाच वॉलपेपर राहील. तो जपानीत मीच केला.

दुसऱ्या दिवशी क-सानच्या बॅगेवर कीचेन नव्हतं. नुसती कडी लोंबत होती. तिच्या ते लक्षात आलं. जेवणाच्या सुट्टीत ती मला गाठून म्हणाली, “ताई, ते काढायला मी नव्हतं सांगितलं. त्यांना सांगा ना.”

मी सांगितलं. ते “अरिगातो” म्हणाले, तिच्या दिशेने मान किंचित झुकवली आणि हेल्मेट घालून वेल्डिंगकडे गेले.

कडी अजून तशीच आहे.