टोपणनावाच्या पत्राला उत्तर पोचवताना

निनावी पत्र पाठवणं सोपं. एकदाच जायचं असतं, मैत्रिणीच्या फोनवरूनही जाऊ शकतं. खरी पंचाईत उत्तराची. उत्तर यायला पत्ता लागतो, तो पत्ता टिकावा लागतो आणि उत्तर न्यायला कुणीतरी तिथे पुन्हा पुन्हा यावं लागतं. माग काढणाऱ्याला एवढं पुरतं.

कर्वेनगरातल्या एका छोट्या संस्थेचं संकेतस्थळ मी सांभाळतो. नोकरीत आयुष्यभर प्रोग्रॅमिंग केलं, आता हे. तिथल्या ताई घरात त्रास सोसणाऱ्या बायकांच्या पत्रांना उत्तरं देतात. धायरीपासून हडपसरपर्यंतच्या बायका टोपणनावाने लिहितात, पण उत्तर कुठे धाडायचं? नवं ईमेल खातं काढायला बहुतेक ठिकाणी मोबाईल नंबर लागतो, सिम नवऱ्याच्या नावावर आणि ओटीपी त्याच्याच खिशात वाजतो. ताईंनी हे माझ्यावर सोपवलं आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा आपणहून त्यात घुसला.

खरा पत्ता झाकून मेल पुढे धाडणाऱ्या तयार सेवा पुष्कळ आहेत. त्या लिहिणाऱ्यापासून तुम्हाला लपवतात, पण दोन्ही टोकं त्या कंपनीला माहीत असतातच. जुन्या वधू-वर जाहिरातींत बॉक्स नंबर असायचा ना, तसंच. स्थळं पेपरच्या कचेरीत येत, पण कोणता बॉक्स कुणाचा ते काउंटरवरच्या माणसाला ठाऊक असायचं. फिनलंडमध्ये योहान हेलसिंगियस यांनी १९९३ साली सुरू केलेला पेनेट हा सर्व्हर याच पद्धतीचा होता. टोपणनाव आणि खरा पत्ता यांची एकच यादी, तीही एकाच माणसाकडे. १९९५ मध्ये सायंटॉलॉजी चर्चच्या तक्रारीवरून पोलीस आले आणि एका वापरकर्त्याचा पत्ता द्यावा लागला. १९९६ मध्ये त्यांनी सेवाच बंद केली. माणूस सज्जन होता, पण यादी होती म्हटल्यावर कधीतरी ती मागितली जाणारच.

मग आम्ही संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांच्या १९८१ च्या लेखापर्यंत मागे गेलो. त्यात परतीचा पत्ताच कुलूपबंद करून देण्याची युक्ती आहे. पाकिटात पाकीट, त्यात आणखी पाकीट; वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपलं तेवढं उघडतो आणि पुढचा मुक्काम वाचतो. पुढे नव्वदच्या दशकात टोपणनावांचे सर्व्हर यावरच चालले. यातली खोच अशी, की तोच परतीचा पत्ता पुन्हा पुन्हा वापरला, तर शत्रू एका टोपणनावावर शेकडो मेल ओततो आणि कुणाच्या दारात गर्दी वाढली तेवढं बघत बसतो. कुलूप फोडायची गरजच पडत नाही. शिवाय साखळीतला एक सर्व्हर बंद पडला की पत्र गडप.

भाच्याला आवडलं ते २००५ चं पिंचॉन गेट. लेन सॅसमन, ब्रॅम कोहेन आणि निक मॅथ्यूसन यांची ही आखणी. इथे पत्र घरी येत नाही, आपण ते आणायला जायचं, पण कोणतं नेलं हे सर्व्हरलाही कळू द्यायचं नाही. त्याने कागदावर करून दाखवलं. दोन सर्व्हरवर तेच आठ खण आहेत, त्यांतला पाचवा हवा आहे. प्रत्येक खणासाठी नाणं उडवायचं आणि छापा आलेल्या खणांची यादी पहिल्या सर्व्हरला द्यायची. मग त्या यादीत पाचवा असेल तर काढायचा, नसेल तर घालायचा आणि ती यादी दुसऱ्याला द्यायची. दोघंही आपापल्या यादीतले खण एकमेकांत एक्सॉर करून (म्हणजे बिट सारखे तर ०, वेगळे तर १, त्यामुळे तीच गोष्ट दोनदा आली की कटते) एकेक तुकडा परत देतात. त्या दोन तुकड्यांचा पुन्हा एक्सॉर केला की बाकीचं सगळं कटतं आणि पाचवा खण हातात उरतो. कुणाही एका सर्व्हरकडे नाणेफेकीपलीकडे काही नसतं. सुंदर आहे, यात वाद नाही.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, ते गणित राहू द्या. बाईच्या हातात फोन किती वेळ असतो, ते आधी विचारा. आणि मागाहून तो कोण तपासतं, तेही."

या प्रश्नाने आखणीच फिरली. आमचा शत्रू गुप्तहेर खातं नव्हे, घरातला माणूस आहे. म्हणून ॲप नको, कारण ते फोनवर दिसतं. पत्र आल्याची सूचना तर अजिबातच नको. मी भाच्याला म्हटलं, खण लपवायचेच कशाला? सगळ्यांना सगळेच देऊ. तो म्हणाला, "मामा, हे फारच बाळबोध झालं." बाळबोध खरंच, पण कोणता खण नेला हे यात कळायला वावच नाही. मोठ्या गावाला हे परवडणार नाही, आम्हाला परवडतं.

आकडे असे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं. आठ केबीच्या पाकिटात साधारण साडेतीनशे शब्द बसतात. ताईंची उत्तरं सहसा एवढीच असतात. लांबलं तर दोन पाकिटं. उत्तर चार ओळींचं असलं तरी पाकीट आठच केबीचं. अशा २५६ पाकिटांचा गठ्ठा दोन एमबीचा होतो, म्हणजे एखाद्या छोट्या व्हिडिओहूनही कमी. त्यात आठवडाभराची उत्तरं राहतात, म्हणजे रोज डोकवावं लागत नाही. उरलेल्या पाकिटांत निव्वळ कचरा भरायचा. गठ्ठा संस्थेच्या प्रत्येक पानाबरोबर आपोआप उतरतो. शिवणवर्गाचं वेळापत्रक बघायला आलेल्या आजींनाही तो मिळतो आणि त्यांना पत्ताही नसतो.

जिचं पत्र आहे ती एका कोपऱ्यात आपले पाच शब्द टाइप करते. त्या शब्दांपासून तिची किल्ली तिथल्या तिथे बनते, सगळी पाकिटं एकामागून एक चाचपली जातात आणि तिचं तेवढं उघडतं. फोनवर काही साठवलं जात नाही. स्वस्त फोनवर किल्ली बनायला जरा वेळ लागतो, तो मुद्दाम ठेवलाय, कारण शब्द ओळखू पाहणाऱ्यालाही दर खेपेला तेवढंच काम करावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ या पाच शब्दांनी खाल्ला. ते ज्या यादीतून निघतात ती ७७७६ शब्दांची. ताईंचं म्हणणं होतं, सगळे वाणसामानाचेच घ्या, चिठ्ठी सापडली तरी किराणाची यादी वाटेल. डोकं चांगलं होतं, पण एवढं वाणसामान मराठीत नाही. मग ऱ्हस्व-दीर्घ. जिथे लोक दोन्ही प्रकारे लिहितात, ते शब्द काढले. तरी एक भूत उरलं होतं: 'ऱ्ह', 'ऱ्या' यांतला आडवा र. एक कीबोर्ड तो ऱ आणि हलंत असा लिहितो, दुसरा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आत बाइट वेगळे, म्हणून किल्ली वेगळी आणि पाकीट बंदच. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याचे वेगवेगळे प्रकार एका रूपात आणणं, इथे कामाला येत नाही. आम्ही असले शब्दच वगळले. पायऱ्याही गेल्या आणि दोऱ्याही.

नोंदींचा प्रश्न होताच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. भाचा उसळला, पण वकील मित्र म्हणाला की वाद घालत बसू नका, ठेवा. ठेवल्या. उत्तर नेण्याबाबत त्यांत दिसणार काय? अमुक फोनवर संस्थेचं पान उघडलं, एवढंच. एक दुखणं मात्र शिल्लक आहे: पान आमच्याच सर्व्हरवरून येतं, त्यामुळे आमचा सर्व्हर कुणी बिघडवला तर शब्द चोरता येतील. यावर इलाज म्हणून दोन कार्यकर्त्या आपापल्या घरून पानाचा हॅश, म्हणजे पान जरा बदललं तरी बदलणारा त्याचा ठसा, रोज ताडून बघतात. इलाज अर्धाच आहे.

शब्द विसरले तर ते पत्र गेलं. ताईंनी नियम केलाय, नवं नाव घ्या आणि पुन्हा लिहा. उत्तर पोचलं की नाही हे त्यांनाही कळत नाही, याबद्दल त्या अधूनमधून मला बोलून घेतात.

पाकिटं २५६ च्या पुढे गेली तर भाच्याची दोन सर्व्हरची पद्धत काढावी लागेल, ती त्याने तयार ठेवली आहे. तिची एकच अट आहे: दोन सर्व्हर अशा दोघांच्या हाती हवेत, जे एकमेकांशी कधीच संगनमत करणार नाहीत. अशा दोन संस्था पुण्यात शोधायला मला फार लांब जावं लागणार नाही.