कोन्याकच्या भट्टीवर एक रात्र

नाशिकजवळच्या एका वायनरीत मी प्रॉडक्शन बघतो. मालकांनी द्राक्षाची ब्रँडी काढायचं मनावर घेतलं, खरी द्राक्षाची हां, कारण आपल्याकडे ब्रँडी म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं मळीच्या स्पिरिटवर असतं. म्हणून मला आणि आमच्या सीनियर सरांना फ्रान्सला, कोन्याक या ब्रँडीसाठी प्रसिद्ध गावाजवळच्या एका घरगुती डिस्टिलरीत पाठवलं. डिसेंबर होता, थंडी बेक्कार. तिकडे हार्वेस्ट संपून वाइन तयार झाली की भट्टी पेटते ती रात्रंदिवस चालूच, कारण कायद्याने 31 मार्चच्या आत सगळं डिस्टिलेशन उरकावंच लागतं.

आल्या आल्या आजोबांनी (भट्टी तेच सांभाळतात, मुलगी इंग्लिशमधून सांगत होती) टाकीतली वाइन चाखायला दिली. आंबटढाण, पातळ, अल्कोहोल जेमतेम 9 टक्के. मी हळूच म्हटलं, "सर, ही आपण बाटलीत भरली तर गिऱ्हाईक परत आणून देईल." सर म्हणाले, "थांब रे, आधी ऐकून तर घे."

तर त्यांना अशीच पाहिजे असते! त्या भागात जवळपास सगळीकडे उन्यी ब्लां ही द्राक्षाची एकच जात, ती आंबट असतानाच तोडतात, वरून साखर घालायला बंदी. आपण द्राक्ष क्रश केलं की पहिल्यांदा केएमएस (वाइन टिकवणारी सल्फरची पावडर) टाकतो, वर्षानुवर्षांची सवय आहे, इथं सल्फर अजिबात नाही कारण ते डिस्टिलेशनमध्ये सोबत येतं आणि दारू वास मारते. मग भट्टीवर जाईपर्यंत वाइनला कोण सांभाळणार, तर तिचा आंबटपणाच. मला हे ऐकून खरंच धक्का बसला, कारण आमचं निम्मं काम म्हणजे वाइनला औषध देऊन टिकवणं.

संध्याकाळी एका शेतकऱ्याचा टँकर आला. आजोबांनी ग्लासात थोडी वाइन घेतली, तळहाताच्या उबेने गरम केली, दोनदा हुंगली आणि टँकर तसाच परत पाठवला. मी पण वास घेतला होता, मला तर काही फारसं जाणवलं नव्हतं. मुलगी म्हणाली, किंचित व्हिनेगर आहे, आणि साधारण 9 लिटर वाइनची 1 लिटर दारू होते, आज किंचित आहे ते उद्या किती होईल बघा. वाइनमधला दोष ब्लेंड करून, फिल्टर करून थोडाफार झाकता येतो पण भट्टीत टाकलं की सगळं उघड्यावर येतं, ही गोष्ट मला पुस्तकात वाचून इतकी कळली नसती.

भट्टी तांब्याची, खाली विटांचं बांधकाम आणि गॅसची उघडी ज्योत, वर लासलगावच्या कांद्यासारखं गोल डोकं, तिथून वाकडी नळी निघते ती थंड पाण्यातल्या वेटोळ्यात जाते. तांबं दिसायला छान म्हणून नाही ठेवलेलं, ते सल्फरची घाण आणि फॅटी ॲसिडं धरून ठेवतं. पहिल्या फेरीत 28 ते 32 टक्क्यांचं गढूळसर पाणी येतं, त्याला ब्रुयी म्हणतात, तेच परत भट्टीत टाकून दुसरी फेरी, तिला 12 तास लागतात.

दुसऱ्या फेरीत त्या रात्री आम्ही बसलो. गावाकडं पहिल्या धारेची म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, इथं पहिले 1-2 टक्के सरळ बाजूला. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, नाकात झणका. मग हळूहळू नासपती यायला लागलं, मग फुलं. हे काळीज, हेच ठेवायचं. धारेचा अल्कोहोल हळूहळू उतरत जातो, पण जमलेल्या काळजाची सरासरी 70-72 टक्के पडते. पुढं कित्येक तास नुसतं बघणं, ज्योत कमी-जास्त करणं, कॉफी.

पहाटे अल्कोहोलचा मीटर 60 टक्क्यांच्या जवळ यायला लागला तसे आजोबा मीटरकडे बघायचेच बंद झाले. दर दोन-चार मिनिटांनी चार थेंब तळहातावर, चोळायचे, हुंगायचे. मध्येच उठले आणि धार दुसऱ्या भांड्याकडे वळवली, काही न बोलता. मग मला दोन ग्लास दिले, एक वळवायच्या आधीचा, एक थोड्या वेळानंतरचा. पहिल्यात अजून फळ होतं, दुसऱ्यात ओल्या पुठ्ठ्याचा आणि शिजवलेल्या कोबीचा वास. ते नंतरचं फेकत नाहीत, पुढच्या घाण्यात परत घालतात.

सकाळी गोदाम दाखवलं, ओकची पिंपं, भिंतींवर दारूच्या वाफेवर जगणारी काळी बुरशी. दरवर्षी साधारण 2 टक्के उडून जातं म्हणे. नाशिकच्या उन्हाळ्यात याहून कितीतरी जास्त जाईल, ते गणित सरांनी तिथंच वहीत मांडायला घेतलं.

मी मात्र परत आल्यावर आधी बागेत गेलो. आपल्याकडे शेनिन ब्लांक ही द्राक्षाची जात बरी आंबट राहते, पण शेतकऱ्याला भाव मिळतो साखरेवर. एका बागायतदाराला म्हटलं, "भाऊ, ब्रँडीसाठी 16 ब्रिक्सलाच तोडा." (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप.) ते म्हणाले, "साहेब, तोडतो की, पण मग पैसे कमी पडले तर कोण देणार?" बरोबरच आहे त्यांचं. मालकांना लिहून दिलंय की या प्लॉटचा भाव आंबटपणावर बांधून द्या, आणि या रसाच्या टाकीजवळ केएमएसचा डबा न्यायचा नाही.