केबिनमन मामांसोबत कुळे स्टेशन

गेल्या रविवारी मामांना घेऊन मडगावहून कुळ्याला जाऊन आलो. मामा मीटरगेजच्या (अरुंद रुळांच्या) काळातले केबिनमन, म्हणजे केबिनमधून लिव्हर ओढून सिग्नल आणि रुळांचे सांधे हलवणारे, रिटायर झाल्यापासून या बाजूला आलेच नव्हते. डब्यातली बहुतेक मंडळी दूधसागरवाली, आम्ही दोघं मात्र स्टेशन बघायला निघालेलो.

मुरगाव बंदर ते कॅसलरॉक ही लाइन पोर्तुगीज काळातली, १८८८ साली पूर्ण झाली. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आली आणि मीटरगेज गेली, मामांची केबिनही त्यातच गेली. पण प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी छत्रीची मूठ धरून अख्खी केबिन उभी केली राव! लाल लिव्हर सिग्नलची, काळी सांध्याची (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा), निळी तो सांधा जागच्या जागी पक्का करणाऱ्या लॉकची. लिव्हरला फडकं धरूनच हात लावायचा, नाहीतर घामाने पोलाद गंजतं. आधी सांधा, मग लॉक, मग सिग्नल, क्रम चुकला तर लिव्हर हलतच नाही, खालच्या पट्ट्या एकमेकींना अडवतात, म्हणजे एकाच रुळावर दोन गाड्यांना सिग्नल देता येत नाही. आणि लिव्हरपासून सिग्नलपर्यंत जाणारी तार उन्हाळ्यात तापून लांबते आणि सैल पडते, मग लिव्हर पूर्ण ओढली तरी तिकडे सिग्नलचा हात अर्धवटच पडतो, म्हणून दुपारी तार पुन्हा ताणून घ्यावी लागायची. हे मला खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात एक मालगाडी आली, तिच्या मागे जादा इंजिनं लागली, कारण पुढे ब्रागांझा घाट, चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. मामा उठून उभेच राहिले. उतरणीचं भय जास्त असं ते म्हणाले, ब्रेक गेले तर गाडी आवरायला घाटात वेगळी चढती कॅच सायडिंग असते, सांधा मुळात तिकडेच लावलेला, गाडी थांबल्याची खात्री झाली की मगच मेन लाइनचा.

जाणार असाल तर सकाळची गाडी पकडा आणि परतीची गाडी आधीच बघून ठेवा, इथे गाड्या मोजक्याच. आम्ही मडगावला भाजी-पाव खाऊन निघालो ते बरं झालं, पाणी घरूनच न्या. फोटो काढायचे तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा, नीट विचारलं तर माणसं बोलतात. रुळांवरून चालत दूधसागरला अजिबात जाऊ नका, तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड होऊ शकतो, आणि वळणावर, बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. धबधब्याला जायचं तर कुळ्याहून जीप आहेत, पावसाळ्यात बंद असतात.

आणि घरात कोणी जुने रेल्वेवाले असतील तर त्यांना सोबत न्याच. मामांचं सांगणं मी मोबाइलवर रेकॉर्ड केलंय, पुढच्या वेळी वही नेणार, लिव्हरचे नंबर ते एकेक करून आठवत होते, सतरापर्यंत आले आणि गाडी आली.