पुणे–आंबोली–पणजी: एक इलेक्ट्रिक, एक हायब्रिड आणि ९०४ किलोमीटरचा हिशेब

वारज्याहून निघून कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत पणजी, आणि त्याच रस्त्याने परत. गाड्या दोन. एक ४५ युनिट बॅटरीची नेक्सॉन ईव्ही, दुसरी दीड लिटर इंजिनाची स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे थोडा वेळ नुसत्या बॅटरीवरही चालू शकणारी पेट्रोल गाडी. दोन्हींत चार-चार माणसं, भरलेली डिकी, एसी २४ वर, हायवेला वेग ८० ते ९०. महिना फेब्रुवारीचा.

ईव्हीच्या कागदावर ४८९ किलोमीटरची रेंज आहे. तो चाचणीतला आकडा आहे. भरलेल्या गाडीने हायवेला निघताना ३०० धरा आणि त्यातलेही शेवटचे ४० राखीव ठेवा. हे गणित एकदा मनात पक्कं बसलं की पुढचा प्रवास सोपा जातो.

पुणे ते कोल्हापूर, २३० किलोमीटर

निघताना बॅटरी १०० टक्के. कात्रजचा नवा बोगदा, मग खंबाटकी. पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो. चढताना टक्के भराभर उतरतात आणि नवखा माणूस इथेच घाबरतो. घाबरू नये. पुढच्या उतारावर त्यातला बराच भाग परत मिळतो, आणि पुणे व कोल्हापूर यांच्या उंचीत तसा फारसा फरक नाही. स्क्रीनवरची उरलेली रेंज त्या वेळी बघूच नका, टक्के आणि किलोमीटर बघा. आपली गाडी १० टक्क्यांत किती किलोमीटर जाते हा एकच आकडा लक्षात ठेवावा. इथे तो ३० होता.

खरा फरक वेगाने पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८५ ला युनिटमागे पावणेसात किलोमीटर मिळाले. साताऱ्यापुढे १५ किलोमीटर मुद्दाम १०५ ने चालवून पाहिली, तेव्हा आकडा साडेपाचवर आला. म्हणजे घाई करून मिळवलेली दहा-पंधरा मिनिटं चार्जरवर परत द्यावी लागतात. सातारा ते कागल रुंदीकरणाची वळणं आहेत, तिथे वेग आपोआप कमी होतो आणि बॅटरी वाचते.

कोल्हापुरात पोहोचताना २४ टक्के शिल्लक.

चार्जरवर काय होतं

कोल्हापूरचा थांबा जेवणाच्या वेळेला धरा. २४ वरून ८५ टक्क्यांपर्यंत ४७ मिनिटं लागली. बॅटरीत साडेसत्तावीस युनिट गेले, बिल ३० युनिटांचं आलं. फरक उष्णतेत आणि बॅटरी थंड ठेवण्यात जातो. अ‍ॅपमध्ये दर २० रुपये दिसतो, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे हातात पडणारा दर २३ रुपये ६० पैसे.

चार्जरवर पोहोचल्यावर आधी एक गोष्ट बघा: मशीनला दोन गन (गाडीत लावायच्या केबलच्या मुठी) आहेत का आणि दुसरी वापरात आहे का. ६० किलोवॅटची बरीच मशीन दोन गाड्या लागल्या की ३०-३० अशी वाटणी करतात. फलकावर ६० असतं, मिळतात ३०, आणि पाऊण तासाचा तास-सव्वा तास होतो. समोरची गाडी ८५ च्या पुढे गेली असेल तर थोडं थांबून एकट्याने लावणं बरं. ८५ नंतर बॅटरी स्वतःच वीज कमी घेते, त्यामुळे फास्ट चार्जरवर १०० टक्के भरायचा हट्ट करू नका. त्या शेवटच्या १५ टक्क्यांना पहिल्या ४० इतका वेळ जाऊ शकतो, आणि मागे कोणी रांगेत असतं.

गन लावली आणि चार्जिंग सुरूच झालं नाही, तर या क्रमाने पाहा. मशीनवरचं लाल इमर्जन्सी बटण कोणी दाबून ठेवलं आहे का? असल्यास फिरवून सोडा. गन पूर्ण आत गेली आहे का? जाड केबलच्या वजनाने ती खाली ओढली जाते आणि पिना नीट टेकत नाहीत. सुरू होईपर्यंत गन हाताने थोडी वर उचलून धरा, निम्म्या तक्रारी इथेच संपतात. तरीही नाही झालं तर गाडी लॉक करून दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा नाही झालं की वेळ न घालवता दुसऱ्या मशीनकडे जा. त्यासाठी तिथे पोहोचताना २० टक्के हाताशी असायला हवेत. शून्याला टेकून चार्जर शोधणाऱ्याला पर्याय राहत नाही. चार्जिंग संपल्यावर गन निघत नसेल तर जोर लावू नका, गाडी एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करा.

निघण्याआधी घरीच तीन-चार कंपन्यांची अ‍ॅप उतरवून प्रत्येकात ५०० रुपये भरून ठेवा. घाटाच्या टापूत नेटवर्क जातं आणि ओटीपी येत नाही. प्लगशेअर या चार्जर शोधायच्या अ‍ॅपवर त्या चार्जरबद्दल गेल्या आठवड्यात कोणी काय लिहिलं आहे ते वाचा. महिनाभर कोणी काही लिहिलं नसेल तर त्या चार्जरवर भिस्त ठेवू नका.

आंबोली घाट

कोल्हापूरहून कागल, कोगनोळीचा टोल, निपाणी, मग उत्तूर आणि आजरा. कोल्हापूर ते आंबोली १२२ किलोमीटरला ३९ टक्के गेले. आंबोलीत ४६ टक्के.

आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, सावंतवाडी शंभरेक मीटरवर. भरलेली गाडी साधारण १,८०० किलोची. एवढं वजन ५८० मीटर खाली येताना जवळपास २.८ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातलं पाऊण-एक युनिट टायरच्या घर्षणात आणि हवेत जातं, उरलेल्यापैकी साधारण ७० टक्के बॅटरीत परत येतं, थोडं एसी खातो. म्हणून घाटाच्या १२ किलोमीटरला टक्के कमी व्हायच्या ऐवजी दोन-तीन वाढतात: ४६ चे ४८ झाले. रिजन (गाडी मंदावताना वीज बॅटरीत परत घेण्याची सोय) सगळ्यात जास्त ठेवा, ब्रेकला पाय फक्त वळणापुरता लावा.

मुक्काम आंबोलीत असेल तर मात्र तिथे १०० टक्के भरून घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागाच नसते. रिजन मंदावतं, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि पायाला सवय झालेली ओढ अचानक नाहीशी होते. ९० ला थांबवा.

हायब्रिडचा प्रश्न इथे वेगळा आहे. या गाडीची बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान आहे (०.७६), आणि त्यातलाही मधलाच भाग वापरला जातो. दोन-तीन वळणांत ती भरते. त्यानंतर गाडी मोकळी पळू लागल्यासारखी वाटते. घाट सुरू होतानाच गिअर ‘बी’ वर टाका, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. ‘डी’ वर ठेवून ब्रेक दाबत उतरणाऱ्यांच्या गाड्यांना खाली आल्यावर जळका वास येतो.

पुढे बांदा, पत्रादेवी, म्हापसा. पणजीत २२ टक्के.

हॉटेलचा प्लग

बुकिंगच्या वेळी ‘चार्जिंग आहे का’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘आहे’ असंच येतं. विचारायचं ते असं: पार्किंगजवळ १५ अँपिअरचा मोठा थ्री-पिन सॉकेट आहे का, त्याला अर्थिंग आहे का, रात्रभर लावू द्याल का, युनिटचे किती घ्याल. इथे १५ रुपये ठरले. २२ ते १०० टक्क्यांना बारा तास आणि ४० युनिट लागले, संध्याकाळी सातला लावून सकाळी सातला गाडी तयार.

तिथे बिघडतं ते जवळजवळ नेहमी अर्थिंग. गाडीसोबतच्या चार्जरवर लाल दिवा लागला म्हणजे गाडी खराब झाली असं नाही. सॉकेटला अर्थ नाही किंवा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जास्त व्होल्टेज आहे, म्हणून चार्जर नकार देतो आहे. दीड-दोनशे रुपयांना सॉकेट टेस्टर मिळतो, तो सोबत ठेवा आणि खोलीत सामान टाकण्याआधी प्लग तपासा. दुसरी अडचण सैल सॉकेटची. १३-१४ अँपिअर सलग बारा तास ओढले की ढिला सॉकेट तापतो, वितळतो. अर्ध्या तासाने हात लावून पाहा. प्लग नुसता कोमट असेल तर चालेल, चटका बसत असेल तर काढा. घरातली बारीक वायरची एक्स्टेन्शन अजिबात वापरू नका. न्यायचीच तर ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, पूर्ण उलगडून. गुंडाळी तशीच राहिली की ती आतून तापते. वीज गेली आणि आली तर काही गाड्या आपोआप पुन्हा सुरू होत नाहीत, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा पाहून या.

परतीचा चढ

निघताना १००. घाटाच्या पायथ्याशी ७४, आंबोलीत ६४. चढाचे १२ किलोमीटर दहा टक्के खातात, तेवढे आधीच बाजूला काढून ठेवा. कोल्हापुरात २६. तिथे ९० पर्यंत भरली, बिल ३१ युनिटांचं. पुण्यात १४ टक्के शिल्लक. समोरून वारा किंवा पाऊस असता तर साताऱ्यात १५ मिनिटांचा थांबा लागला असता, तो वेळ हिशेबात धरूनच निघावं.

पैसे

ईव्ही: घरी ४४ युनिट ११ रुपयांनी ४८४, कोल्हापूर जाताना ७०८, हॉटेल ६००, कोल्हापूर येताना ७३२. एकूण २,५२४ रुपये, किलोमीटरला २ रुपये ८० पैसे. हायब्रिड: टाकी ते टाकी ४३ लिटर, म्हणजे २१ चा अ‍ॅव्हरेज. १०४ रुपये दराने ४,४७२, किलोमीटरला पाच रुपयांच्या जरा आत. साध्या पेट्रोल गाडीला याच रस्त्यावर साडेचौदा धरला तर साडेसहा हजारांच्या आसपास, किलोमीटरला ७ रुपये २० पैसे. टोल सगळ्यांना सारखाच. वार्षिक फास्टॅग पास असेल तर ही फेरी त्यातल्या दोनशे खेपांपैकी दहा खर्च करते. मुंबईहून येणाऱ्या ईव्हीला द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर राज्याची टोलमाफी आहे, पुण्याच्या पुढे ती धरू नका.

पण गाडी गोव्याच्या फेरीवरून ठरवू नये, आणि हेच सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे. ती ठरते रात्री गाडी कुठे उभी राहते त्यावर. समजा ईव्ही त्याच प्रकारच्या पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग पडली. घरच्या विजेवर किलोमीटरला पावणेदोन रुपये लागतात, बचत साडेपाचच्या जवळ, फरक ५५,००० किलोमीटरला भरून निघतो. शहरातच जास्त फिरणाऱ्याचा त्याहून लवकर, कारण सिग्नलवर पेट्रोल गाडीचा अ‍ॅव्हरेज अकरा-बारावर येतो. घरी प्लग नसून सगळं चार्जिंग बाहेर करणाऱ्याचा खर्च साडेतीनच्या पुढे जातो आणि तोच फरक ८०,००० च्या पुढे सरकतो, शिवाय दर आठवड्याला चार्जरवर तास जातो तो वेगळा. अशा माणसाने हायब्रिडचा विचार करावा.

हायब्रिडचंही नीट समजून घ्या. ‘स्मार्ट हायब्रिड’, ‘माइल्ड हायब्रिड’ लिहिलेली गाडी बॅटरीवर एकटी चालत नाही, तिचा अ‍ॅव्हरेज पेट्रोल गाडीच्या जवळच राहतो. स्ट्राँग हायब्रिड शहरात २२ देते तेव्हा किलोमीटरला चार ते पावणेपाच रुपये वाचतात. हायवेला सव्वादोनच. महिन्यातून चार वेळा कोल्हापूर-पुणे करणाऱ्याने तीन लाख जास्त मोजले तर ते सुटायला एक लाख तीस हजार किलोमीटर जातील. करातही अंतर आहे: ईव्हीला जीएसटी ५ टक्के, चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला सप्टेंबर २०२५ पासून ४०. प्राप्तिकराच्या ८०ईईबी कलमाखालची ईव्ही कर्जाच्या व्याजाची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. शोरूममध्ये कोणी ती अजून हिशेबात धरून दाखवत असेल तर तो आकडा वजा करा.

सोसायटीतलं मीटर

महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे साधारण १५० युनिट. घरात आधीच २०० जात असतील तर तुम्ही महावितरणचा ३०० चा टप्पा ओलांडता आणि वरच्या युनिटांना पुढचा महाग दर लागतो. म्हणून वेगळं मीटर घेऊन ईव्ही चार्जिंगच्या दरात वीज घेण्याची चौकशी गाडी बुक करण्याआधी करा. सोसायटीचं ना-हरकत पत्रही आधीच. ७.२ किलोवॅटच्या वॉलबॉक्सला (भिंतीवरच्या चार्जरला) ३२ अँपिअर लागतात: ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, ४० अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा ‘टाइप ए’ आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग. मीटरपासून पार्किंग ४० मीटरपेक्षा लांब असेल तर १० चौरस मिलिमीटर घ्या, नाहीतर व्होल्टेज पडतं आणि चार्जर मध्येच बंद होतो. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र १५ अँपिअरचा चांगला सॉकेटच पुरतो. तो रात्रीत शंभर-दीडशे किलोमीटर सहज भरतो.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. पाणी चढत असल्याच्या बातम्या असतील तर कोल्हापूरच्या चार्जरवर अवलंबून राहू नका, कराड किंवा पेठ नाक्यापाशी ८५ टक्के करून घ्या. वाहतूक कोंडीची चिंता नको: उभ्या गाडीत एसी तासाला तीन टक्क्यांच्या आसपास खातो. रस्त्यावरच्या पाण्यात मात्र ईव्ही घालू नका, बॅटरी सीलबंद असली तरी पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. आणि आंबोलीत शनिवार-रविवारी धबधब्यापाशी रांग लागते, धुक्यात समोरचं काही दिसत नाही. घाट सकाळी नऊच्या आत उतरून जावा.