हत्ती बघायचेत? मग चांदोलीचा नाद सोडा

सुट्ट्या लागल्या की सांगली-मिरजेत हा प्रश्न हमखास निघतो: चांदोलीत हत्ती दिसतात का? नाही दिसत. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं गवा, सांबर, अस्वल, नशीब जोरावर असेल तर बिबट्या. हत्तींचा कळप नाही. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात हत्ती आहेत ते कर्नाटकातून उतरलेले, दोडामार्ग आणि आजरा-चंदगडच्या पट्ट्यात. रात्री ते उसात, भातात, केळीत शिरतात आणि शेतकरी राखणीला बसलेला असतो. तिथं गाडी घेऊन हत्ती हुडकत फिरणं म्हणजे त्याच्या डोक्याला आणखी ताप. जाऊच नका.

जायचं तर कबिनीला. कर्नाटकात म्हैसूरजवळ, नागरहोळे आणि बंदीपूरच्या जंगलांमधलं हे धरण. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं, जंगलातले पाणवठे आटलेले असतात. मोठ्या हत्तीला दिवसाला शंभरावर लिटर पाणी लागतं, त्यामुळे कळप काठावर येतातच. पण वळीव चांगला झाला की आतली डबकी भरतात आणि कळप पांगतात. म्हणून मेअखेरीवर विसंबू नका, मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिल धरा. मिरजेहून म्हैसूरला थेट रेल्वे आहे, पण वार बघून तिकीट काढा. सफारी चालू आहे का, हे निघण्याआधी विचारा. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाघांच्या हल्ल्यांनंतर ती बंद ठेवली होती.

सकाळ-दुपारपैकी एकच फेरी जमणार असेल तर दुपारची घ्या. ऊन कललं की कळप पाण्यावर उतरतात. दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे. जास्त ताकदीची जीपमध्ये हलते आणि काहीच धड दिसत नाही. अत्तर, स्प्रे नको. हत्तीची नजर बेताची, नाक मात्र भलतंच तिखट.

झाडीतला हत्ती आधी कानाला कळतो: फांदी मोडल्याचा कडाका, मग शांतता, मग पोटातून आल्यासारखी खोल गुरगुर. वाटेवरची लीद बघा. ओली, चकचकीत असेल तर ड्रायव्हरला थांबायला सांगा. वरून वाळून फिकट पडली असेल तर पुढं चला.

दिसल्यावर कानांकडे लक्ष ठेवा. कान संथ हलताहेत, सोंडेनं गवत उपटून पायावर झटकून माती पाडतोय, तर त्याला तुमचं काही पडलेलं नाही. कान ताठ पसरून तुमच्याकडे तोंड करून उभा राहिला, सोंड वर करून वास घेऊ लागला, की अंतर कमी आहे असं समजा. आरडाओरडा करत, कान पसरून येतो तो बहुधा नुसता दम देतो. सोंड आत मुडपून, कान मागं घेऊन मुकाट येतो तो खरा. हा फरक दर वेळी लागू पडेलच असं नाही, तेव्हा परीक्षा बघत बसू नका. कानशिलावरून काळपट ओघळ आणि मागचे पाय मुतानं ओले दिसले तर नर माजावर आहे. पिल्लू असेल तर त्याच्या आणि आईच्या मध्ये जीप कधीही घालू देऊ नका, ड्रायव्हर फोटोसाठी कितीही तयार असला तरी.

स्वतःच्या गाडीनं बंदीपूरमार्गे जाणार असाल तर रात्री ९ ते सकाळी ६ रस्ता बंद असतो. दिवसाही रस्त्यात हत्ती आला तर हॉर्न नाही, खाली उतरणं नाही. इंजिन चालू ठेवा आणि मागं जायला जागा मोकळी ठेवून थांबा.