राणीबागेतली उर्वशी

मुंबईची थंडी ती काय! सकाळी अंगात घातलेला स्वेटर दहा वाजता कमरेला येतो. जानेवारीतल्या अशाच एका सकाळी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलं घेऊन मी भायखळ्याच्या राणीबागेत शिरले. बाग १८६२ सालची. मुलांना मात्र ओढ पेंग्विनची. घारापुरीहून तुकड्यांत आलेला आणि १९१४ साली इथे पुन्हा जोडलेला दगडी हत्तीसुद्धा त्यांनी सेल्फीपुरताच पाहिला.

माझा सगळा भरवसा उर्वशीवर होता. मूळची ब्रह्मदेशची, आपल्याकडे विरळाच, आणि हिवाळ्यात फुलते. लांब देठांवर लोंबणारी लाल फुलं, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. झुंबरच! आदल्या रात्री मी टिपणंही काढली होती.

पोचलो तर झाडाखाली सडा पडलेला, आणि एक मावशी खराट्याने तो गोळा करत होत्या.

"मावशी, जरा थांबता? मुलांना दाखवायचंय."

"दाखवा की. पण लवकर, मला पुढची लाइन झाडायचीय."

मी सुरुवात केली. हे झाड शेंगवर्गीय, म्हणजे चिंच-गुलमोहराच्या गोतातलं, फुलाची रचना अशी, पुंकेसर असे. मावशी खराट्यावर हात टेकून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "शेंग कुठली मॅडम? इतकी वर्सं झाडतेय, फुलं टोपलीनं उचलते. शेंग नाय बघितली कधी."

मुलं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघायला लागली. माझ्या टिपणांत शेंगेचं छान वर्णन होतं. पुस्तकातून उतरवलेलं, प्रत्यक्षात मीही कधी पाहिलेली नव्हती. या झाडाला शेंग क्वचितच धरते हे मला ठाऊक होतं, पण सांगायचं सुचलंच नव्हतं.

"मग नवीन झाड येतं कसं?" मागून एकाने विचारलं.

मग फांदीची साल गोल काढून, ओलं शेवाळ बांधून मुळं फोडायची गुटी मी खाली पडलेल्या काटकीवर करून दाखवली. त्यात अर्धा तास गेला. पेंग्विनची रांग तोवर वाढली होती, कुणी कुरकुरलं नाही. मावशी मात्र कधीच पुढच्या लाइनीत गेल्या होत्या.

आठवड्याने जर्नल तपासली. एकाने 'निरीक्षण' या मथळ्याखाली मावशींचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, 'वर्सं' आणि 'नाय'सकट. लाल पेन उचललं होतं. नुसती बरोबरची खूण केली.