पॅरिसमध्ये ८४० आवर्तने

कोलोनहून सकाळच्या गाडीने निघून मी दुपारी अडीचच्या सुमारास पॅरिसला उतरले, तेव्हा शहराच्या ईशान्येकडच्या एका छोट्या सभागृहात सकाळी दहाला सुरू झालेल्या रचनेची दोनशे आवर्तने उरकली होती. आम्ही बारा पियानोवादक होतो, प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर आवर्तने आली होती, आणि माझी, म्हणजे अकरावी, पाळी मध्यरात्रीनंतर एक वाजून तेहतीस मिनिटांनी होती.

रचना फ्रेंच संगीतकार एरिक साती यांची, नाव ‘व्हेक्सेशन्स’, म्हणजे मनस्ताप. १८९३च्या सुमारास लिहिलेले हे हस्तलिखित जेमतेम एका पानाचे आहे. हे पान सलग ८४० वेळा वाजवायचे असेल, तर आधी पूर्ण शांततेत, गंभीरपणे निश्चल राहून तयारी करणे बरे, अशी टीप त्यावर आहे. ही आज्ञा आहे, सल्ला आहे की निव्वळ थट्टा, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. सातींच्या हयातीत ते पान छापलेच गेले नाही. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या प्रयत्नांनी ते १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनीच न्यूयॉर्कमध्ये आळीपाळीने वाजवणारे वादक जमवून त्याचा अखंड प्रयोग केला. तो १८ तास ४० मिनिटे चालला. तिकीट पाच डॉलरचे होते आणि श्रोता बसून राहील त्या दर वीस मिनिटांमागे त्याला पाच सेंट परत मिळत. भागाकार केला, तर त्या प्रयोगातल्या एका आवर्तनाला बरोबर ८० सेकंद पडतात. आम्हीही तीच लय धरली होती.

हातात वेळ होता म्हणून मोंमार्त्रच्या टेकडीवरची र्‍यू कोर्तो ही गल्ली पाहून आले. हे पान लिहिले त्या काळात साती तिथल्या सहा क्रमांकाच्या घरात राहत होते. त्याच वर्षी चित्रकार सुझान व्हॅलादों यांच्याशी जुळलेले त्यांचे प्रेम काही महिन्यांत संपले. मनस्तापाचे मूळ त्यात शोधण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण पुरावा नाही, आणि मला तरी ते पान प्रेमभंगापेक्षा एखाद्या चिवट कोड्यासारखे वाटते.

हे कोडे बोटांना कळते. खर्जात तेरा मात्रांची एक धून आहे. ती आधी एकटी येते, मग वर दोन स्वर घेऊन, पुन्हा एकटी, आणि शेवटी तेच वरचे स्वर उलटे मांडून. वरच्या दोन स्वरांत जवळजवळ सर्वत्र षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्याइतके अंतर असल्यामुळे कान कुठेच विसावत नाही. मात्रांचे विभाग पाडणाऱ्या रेषा नसल्याने समही सापडत नाही. त्यातून एकच काळी पट्टी एकदा शार्प, म्हणजे खालच्या स्वराचे तीव्र रूप म्हणून, तर पुढच्याच ओळीत फ्लॅट, म्हणजे वरच्या स्वराचे कोमल रूप म्हणून लिहिलेली असते. त्यामुळे पन्नासाव्या वेळीही नजर कागदावरून हटवता येत नाही.

वादकांच्या अदलाबदलीची तालीम मात्र मला लागली नाही. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीवर टेकत नाही. पहारा बदलताना उभ्या-उभ्याच ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. इथेही तसेच होते. आवर्तनाच्या सुरुवातीला धून एकटीच असते, म्हणून मी बाकाच्या डाव्या टोकाला बसून डाव्या हाताने ती सुरू केली, आणि आधीच्या वादकाने दोन्ही हात उचलून आवाज न करता जागा सोडली.

मोजणीसाठी शेजारी एक स्वयंसेवक होता. प्रत्येक आवर्तनानंतर तो एका वाटीतला वाळका घेवडा उचलून दुसरीकडच्या जाड रुमालावर ठेवी. पहिली वीस आवर्तने मी मन लावून वाजवली, पुढची वीस कंबरदुखीत गेली. अडतिसाव्यानंतर नजर टाकली, तर त्याची हनुवटी छातीला टेकलेली होती आणि दाणा चिमटीतच होता. तो ठेवायचा राहिला होता की पुढचा उचललेला होता, हे सांगता येईना. १९७० मध्ये सिडनीत पियानोवादक पीटर इव्हान्स हीच रचना एकट्याने वाजवत असताना ५९५ आवर्तनांनंतर मध्येच थांबले होते, हे मला नेमके तेव्हाच आठवावे! मी हळूच खोकले, तो दचकून जागा झाला, आणि त्याने दाणा पुन्हा वाटीत टाकला. मी निमूटपणे तेच आवर्तन धरून पुढे गेले. त्या रात्री ८४० झाली की ८४१, हे तो घेवडाच जाणे.

तीन वाजून सात-आठ मिनिटांनी मी धून पुढच्या वादकाच्या हाती सोपवली. शेवटचे आवर्तन संपले तेव्हा सभागृहात नऊ श्रोते होते, त्यातले दोघे गाढ झोपलेले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच ठरवता येईना.

पहिल्या मेट्रोची वाट पाहत फलाटावर बसले असताना मी ती धून गुणगुणून पाहिली. चौथ्या स्वरापुढे जाता येईना, म्हणून पिशवीतला कागद काढला.